पन्नास किल्ले आणि एक किल्लेदार

उझबेकिस्तानला जाणारी मराठी माणसं ताश्कंदला शास्त्रीजींच्या अर्धपुतळ्याला हात जोडतात, समरकंदच्या निळ्या घुमटांपुढे फोटो काढतात, बुखाऱ्याच्या बाजारात भरतकामाच्या चादरींवर घासाघीस करतात आणि ‘सगळं छान होतं, जेवणाचे तेवढे हाल झाले’ असं म्हणत परत येतात. सहलीच्या पत्रकात तो देश तिथेच संपतो. जमिनीवर मात्र तो बुखाऱ्याच्या पुढे शेकडो किलोमीटर वायव्येला जातच राहतो. एका हाताला काराकुमचं वाळवंट, दुसऱ्या हाताला किझिलकुमचं, मधून अमू दर्या. नदीच्या खालच्या अंगाला जो हिरवा पट्टा आहे तो जुना ख्वारिझम. त्याच्या उजव्या तीरावर, काराकाल्पाकस्तान या स्वायत्त प्रजासत्ताकात, एल्लिककाला नावाचा तालुका आहे. एल्लिककाला म्हणजे पन्नास किल्ले.

एका तालुक्यात पन्नास किल्ले, ही बातमी आमच्या किल्लेदाराच्या कानावर गेली आणि समरकंद रद्द झालं.

किल्लेदार हे त्याचं आडनाव नव्हे. शाळेत असल्यापासून शनिवार-रविवारी हा मुलगा घरी सापडला नाही, म्हणून पडलेलं नाव. लग्नानंतर वहिनींना महाबळेश्वरला नेतो म्हणाला आणि प्रतापगडावर घेऊन गेला. महाबळेश्वर वहिनींनी पुढे महिला मंडळाबरोबर पाहिलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, तेव्हा त्याने सोसायटीत पेढे वाटले. पण ‘अकरा महाराष्ट्रातले आणि एक जिंजी, तमिळनाडूतला’ एवढं समोरच्याकडून वदवून घेतल्याशिवाय पेढा हातात ठेवला नाही. तळमजल्यावरच्या आजींना मधुमेह आहे. त्यांच्याकडूनही वदवून घेतलं.

असा तो, वहिनी, वहिनींचे निवृत्त तहसीलदार काका, माझी मावशी आणि मी, असे आम्ही खिव्याला उतरलो. खिवा अतिशय देखणं गाव आहे. आतला भाग, इचान काला, १९९० पासून जागतिक वारशात आहे. एका मिनाराचं काम खानसाहेब १८५५ मध्ये गेल्यामुळे अर्धवट राहिलं आणि तो बुटका, जाडजूड, निळ्या-हिरव्या टाइल्सचा मिनारच आज सगळ्यांत जास्त फोटोंत असतो. पश्चिम दरवाजाबाहेर अल ख्वारिझमीचा पुतळा आहे. बीजगणिताला ‘अल्जिब्रा’ हे नाव ज्याच्या ग्रंथावरून पडलं तो हा गृहस्थ. मावशीने पुतळ्याला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, “नववीत माझी सहामाही याच्यामुळे गेली.” नमस्कार केला नाही.

खिव्याची तटबंदी उत्तम आहे. पण किल्लेदाराचं लक्ष नव्हतं. “इथे माणसं राहतात,” तो म्हणाला. “हा किल्ला नाही, ही वस्ती.” ओसाड नसलेला किल्ला त्याला पटत नाही.

दुसऱ्या सकाळी गाडी आली. तिथल्या रस्त्यांवर बहुतेक गाड्या शेव्हरोलेट आणि त्यांतल्या बहुतेक पांढऱ्या, त्यामुळे आपली गाडी ओळखायची तर ड्रायव्हरचा चेहरा पाठ करावा लागतो. आमच्या ड्रायव्हरला सगळे ‘आका’ म्हणत. आपल्याकडे जसं ‘दादा’. सोबत वाट दाखवायला नुकुसच्या विद्यापीठात शिकणारी एक हसतमुख मुलगी होती. तिला इंग्रजी येत होतं. आकांना रशियन, उझबेक, काराकाल्पाक आणि ‘मिथुन चक्रवर्ती’ एवढं येत होतं. ‘डिस्को डान्सर’ सोव्हिएत काळात त्या मुलखात असा काही चालला की, आजही हिंदुस्थानी दिसला की लोकांचे खांदे आपोआप हलायला लागतात. मावशीने त्यांना मराठीत ठणकावून सांगितलं, “आमच्या वेळी देव आनंद होता.” आकांनी आदराने मान डोलावली. पूर्ण प्रवासात या दोघांचा संवाद असाच चालला आणि सगळ्यांत कमी गैरसमज त्यांच्यातच झाले.

गाडी मिथेनवर चालत होती. तिथला रिवाज असा की, गॅस भरायच्या आधी सगळ्या प्रवाशांनी फाटकापाशी उतरायचं. आत गाडी आणि ड्रायव्हर, बाहेर उन्हात बायकामुलं, म्हातारेकोतारे, टरबुजं. तहसीलदार काकांनी कारण विचारलं. टाकी फुटलीच तर माणसं वाचावीत म्हणून, असं मुलीने सांगितलं. काकांनी विचार केला. “नियम चोख आहे,” ते म्हणाले, “पण ड्रायव्हरने काय गुन्हा केलाय?”

पुलावरून अमू दर्या ओलांडली. गढूळ, रुंद, वाळूच्या बेटांत विस्कटलेली नदी. पुढे कापसाची शेतं, पाण्याचे पाट, पॉपलरच्या रांगा, आणि मग एकाएकी शेत संपून भुरी माती. त्या मातीत आकांनी गाडी थांबवली.

“तोप्राक काला,” मुलगी म्हणाली.

किल्लेदाराने पाठपिशवी चढवली, पट्टे आवळले, टोपी घातली, चौफेर पाहिलं आणि विचारलं, “गड कुठाय?”

“समोर.”

समोर एक मोठं ढेकूळ होतं.

आता किल्ला कसा असतो याची मराठी माणसाची कल्पना पक्की असते. आधी डोंगर. डोंगरावर कातळ, कातळावर तट, तटात दरवाजा, दरवाजात मारुती. आत पाण्याचं टाकं. माथ्यावर पडका वाडा, आणि पायथ्याशी पिठलं-भाकरीची पाटी. यातलं इथे काहीही नव्हतं. सपाट जमिनीवर सुमारे ५०० मीटर लांब आणि ३५० मीटर रुंद असा आयत, झिजून उतरत्या झालेल्या मातीच्या भिंती, आणि एका कोपऱ्यात उंचावर राजवाडा, म्हणजे तोही मातीचाच. दगड औषधालाही नाही. चोपून घातलेल्या मातीचे थर, त्यावर उन्हात वाळवलेल्या चौरस विटा. एकेक वीट साधारण चाळीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि दहा सेंटिमीटर जाड. किल्लेदार बराच वेळ गप्प होता. गडावर जाऊन तो गप्प बसल्याचं वहिनींना आठवत नव्हतं.

कोंडी मावशीने फोडली. “अरे, हा तर दिवाळीचा किल्ला!”

एवढं अचूक वर्णन मी कुठल्याही पुरातत्त्ववाल्याकडून ऐकलेलं नाही. सहामाही संपली की आपल्याकडे पोरं जे करतात तेच हे. विटांचे तुकडे रचायचे, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, मातीचा लेप द्यायचा, बोटांनी बुरूज काढायचे, अळीव पेरायचे, शिखरावर महाराज बसवायचे (महाराज नेहमी दरवाजापेक्षा उंच असतात, ते आत कसे गेले हे कुणी विचारत नाही), आणि मग चारी बाजूंनी फिरून आपल्याच कामावर खूश व्हायचं. फरक एवढाच की, आपला किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकवताना नाकी नऊ येतात आणि हा दोन हजार वर्षांच्या घरात पोचला आहे. कारण सोपं आहे. या भागात वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरात एवढा पाऊस जुलैतल्या एखाद्या सकाळी चहा उकळेपर्यंत होऊन जातो. माझं तर असं मत झालं आहे की, आपण दगडात किल्ले बांधले त्याचं श्रेय शौर्याइतकंच मृग नक्षत्राला द्यायला हवं. मातीत बांधले असते तर प्रत्येक भाद्रपदात नवी राजधानी शोधावी लागली असती.

हे मी किल्लेदाराला बोलून दाखवलं नाही. अजून बराच प्रवास बाकी होता.

तोप्राक काला हे ख्वारिझमच्या राजांचं दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं ठाणं. सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ सेर्गेई तोल्स्तोव यांनी १९३७ मध्ये ख्वारिझमची मोहीम सुरू केली, त्या मोहिमेने हे उकरून काढलं. उंटावरून, ट्रकमधून आणि महायुद्धानंतर तर छोट्या विमानांतून हा माणूस वाळवंट पालथं घालत होता. वरून पाहिलं की जमिनीवर न दिसणारे पाट, शेतांचे बांध, गाडलेले तट रेघांसारखे उमटतात. राजवाड्यात त्यांना भिंतींवरची चित्रं सापडली, मातीचे पुतळे सापडले, राजांचं दालन सापडलं. एका दालनात काळ्यासावळ्या योद्ध्यांच्या आकृती होत्या, म्हणून त्या दालनाला सावळ्या रक्षकांचं दालन म्हणतात.

“मावळे,” किल्लेदार म्हणाला. त्याचा आवाज परत आला होता.

मुलीने नम्रपणे सांगितलं की, हे रक्षक कोण यावर विद्वानांचं एकमत नाही.

“म्हणजे मावळे असू शकतात.”

यावर विद्वान तरी काय बोलणार?

तहसीलदार काकांचं मन मात्र वेगळ्याच गोष्टीत गुंतलं. राजवाड्यात कातड्यावर आणि लाकडावर लिहिलेली कागदपत्रंही निघाली. त्यांत घराघरांतल्या पुरुषांच्या याद्या आहेत, गुलामांसकट. राजाच्या पराक्रमाचं काव्य नाही, देवाची स्तुती नाही. कुणाच्या घरात किती माणसं, एवढंच. काका त्या उकरलेल्या खोलीच्या काठावर टोपी काढून उभे राहिले. “राजा गेला,” ते म्हणाले, “दरबार गेला. दप्तर राहिलं.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाळूमुळेही असेल.

जवळच किझिल काला आहे. त्याची एक बाजू नव्या विटांनी बांधून काढली आहे. किल्लेदाराने नाक मुरडलं. काकांनी भिंतीवर हात फिरवला, ओळंबा डोळ्यानेच जोखला आणि म्हणाले, “काम झालेलं दिसतंय. बिल द्यायला हरकत नाही.”

किल्लेदाराचा मुख्य प्रश्न अजून शिल्लक होता. “पाण्याची सोय?” गडावर गेल्यावर तो हे पहिल्यांदा विचारतो, आणि रास्तच विचारतो. टाकं नसेल तर गड दोन दिवस लढत नाही. तोप्राक कालाभोवती त्याने दोन फेऱ्या मारल्या. टाकं नाही, तळं नाही, खोदीव हौद नाही. “इथे पाणी नव्हतं, मग राहिले कसे?”

मुलीने हात लांब करून सगळं क्षितिज दाखवलं. पाणी किल्ल्यात नव्हतं, किल्ले पाण्यावर होते. ख्रिस्तपूर्व काळापासून या लोकांनी अमू दर्यातून मैलोन् मैल कालवे काढले, कालव्यांवर शेतं वसवली आणि शेतांवर नजर ठेवायला वाळवंटाच्या कडेला किल्ल्यांची ओळ उभी केली. पाट चालू तोवर गाव चालू. राज्य ढासळलं की गाळ काढायला माणसं येईनात, गाळ साचला की पाणी येईना, पाणी आलं नाही की माणसं उठून दुसरीकडे जात. मागे भिंती राहत आणि त्या भिंतींवर वाळू हळूहळू चढत जाई. लढून पडलेल्या किल्ल्यांइतकेच, किंवा त्याहून जास्त, किल्ले इथे तहानेने मेले आहेत. आता कालवे पुन्हा आले आहेत. गेल्या शतकात कापसासाठी इतकं पाणी वळवलं की तोप्राक कालाच्या आसपास शेतं डोलतात आणि तिकडे अरल समुद्र बिचारा वाळून गेला. पाणी सगळ्यांना पुरत नाही. कुणाला द्यायचं एवढंच बदलत राहतं. हे ऐकताना काका मुकाट्याने मान हलवत होते. त्यांची निम्मी नोकरी टँकरच्या फेऱ्या लावण्यात गेली होती.

संध्याकाळी आयाझ काला. हा मात्र किल्लेदाराच्या पसंतीचा निघाला, कारण त्याला डोंगर आहे. म्हणजे टेकाड आहे. पंधरा मिनिटांत वर पोचतो. पण त्या सपाट मुलखात एवढी उंचीही डोळ्यांत भरते. खरं म्हणजे हे तीन किल्ले आहेत. माथ्यावरचा सगळ्यांत जुना, ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकातला. खाली सुळक्यासारख्या उंचवट्यावर मागाहून बांधलेला लहानसा दुसरा. आणि मैदानात पसरलेला तिसरा. पलीकडे एक खारं तळं, आणि तळ्यापलीकडे किझिलकुमचं वाळवंट, दिसेल तिथपर्यंत. चढताना वारा असा होता की वहिनींची ओढणी एकदा उडाली ती खालच्या किल्ल्याच्या दिशेने गेली आणि तिचा पाठलाग करायला कुणी धजलं नाही.

वरच्या किल्ल्याला दोन भिंतींचा तट आहे आणि दोहोंमधून सैनिकांना पळता येईल अशी बोळ. बाहेरच्या भिंतीला बाणांसाठी उभ्या फटी. आणि दक्षिणेच्या बाजूला दरवाजा.

दरवाजाशी किल्लेदार थबकला. सरळ आत जाता येत नव्हतं. आधी पुढे आलेल्या तटांच्या चौकात शिरायचं, मग काटकोनात वळायचं, मग खरा दरवाजा. म्हणजे शत्रू आत घुसला तरी चारी बाजूंनी मार खाणार आणि दरवाजा फोडायला धाव घेता येणार नाही. किल्लेदाराने दोन्ही हात भिंतीवर ठेवले.

“गोमुखी!” तो ओरडला. “रायगडचा महादरवाजा! अरे, हे आपलंच आहे!”

रायगडाचा महादरवाजा सतराव्या शतकातला, आणि हा दरवाजा त्याच्या दोन हजार वर्षं आधीचा, असं मी भीतभीत म्हणालो.

“मग?” तो म्हणाला. “चांगल्या कल्पनेला काळाचं बंधन नसतं.”

मला वाटतं, हे त्याचं वाक्य त्याला वाटलं त्यापेक्षा जास्त खरं होतं. घुसणाऱ्या माणसाला वळायला लावलं की त्याचा जोर जातो, हे सह्याद्रीतल्या आणि किझिलकुमच्या माणसाला एकमेकांचा पत्ता नसताना कळलं. मुंबईच्या लोकलमध्ये दारात उभं राहणाऱ्यांनाही ते कळलेलं आहे. पण किल्लेदार तेवढ्यावर थांबणारा नव्हता. त्याने तिथेच उभं राहून, वाऱ्यात, त्या मुलीला महादरवाजाची रचना, हिरोजी इंदुलकर आणि हिरकणी या क्रमाने इंग्रजीत समजावली. तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून जाणारी हिरकणी त्या मुलीला फार आवडली. आमच्याकडेही एका बाईची गोष्ट आहे, ती म्हणाली, उद्या सांगते.

टेकडीच्या पायथ्याशी नमद्याच्या गोल तंबूंचा मुक्काम होता. बाहेर दोन वशिंडांचे उंट, आत रंगीत गोधड्या, आणि जेवणात शेपू.

याबद्दल मराठी वाचकांना सावध करणं हे मी कर्तव्य समजतो. मध्य आशियात शाकाहारी माणसाचे हाल होतात ते मांसामुळे, ही अफवा आहे. मांस बाजूला काढता येतं. शेपू काढता येत नाही. टोमॅटो-काकडीवर शेपू, बटाट्यावर शेपू, दह्यात शेपू, सुपात शेपू. खिव्यात तर नूडल्सच शेपूच्या रसात मळून हिरव्यागार करतात, त्याला शिवित ओशी म्हणतात, आणि ती त्यांची अभिमानाची पाककृती आहे. आमच्यातला किल्लेदार हा शेपूचा बालपणापासूनचा वैरी. त्याच्या आईने एकदा मेथी सांगून शेपू वाढली होती, तेव्हापासून तो पालेभाज्यांकडे फितूर म्हणूनच पाहतो. त्या रात्री त्याच्यापुढे पाच वाट्या आल्या आणि पाचांतही हिरव्या काड्या तरंगत होत्या. त्याने गोल भाकरीसारखा तो तंदूरचा नान घेतला, मावशीकडून लसणाची चटणी मागून घेतली आणि वेढ्यातल्या शिबंदीने काढावे तसे दिवस काढले. मावशी, जिने घरी शेपूला कधी नाव ठेवलं नाही, तिने तंबूवाल्या बाईंकडून दह्यातल्या शेपूची कृती विचारून घेतली. बाई काराकाल्पाकमध्ये सांगत होत्या, मावशी मराठीत लिहून घेत होती.

सकाळी ती गोष्ट ऐकायला मिळाली, आणि तीही जागेवर. गुल्दुर्सुनचा किल्ला आडवातिडवा मोठा आहे. जुन्या पायावर बाराव्या शतकात उभे केलेले तट अजून चांगले उंच आहेत. गोष्ट अशी: गावाला काल्मिकांचा वेढा पडला. महिन्यांमागून महिने गेले, धान्य संपत आलं. तेव्हा एका शहाण्याने युक्ती सांगितली. उरलासुरला गहू बैलांना भरपेट चारा आणि बैल बाहेर सोडा. शत्रूने बैल मारले, पोटं गव्हाने भरलेली पाहिली आणि कपाळाला हात लावला: ज्यांचे बैल गहू खातात ते कधी शरण येणार! वेढा उठायच्या बेतात आला. पण राजकन्या गुल्दुर्सुन शत्रूच्या तरुण सरदारावर भाळली होती. तिने निरोप धाडून खरी गोष्ट कळवली. गाव पडलं. आणि त्या सरदाराने, जी बापाची झाली नाही ती माझी काय होणार, असा विचार करून तिला घोड्यांना बांधून ठार केलं.

“फितुरी,” किल्लेदार म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा पूर्ण समाधान दिसलं. दगड नाही, टाकं नाही, मारुती नाही, पण फितुरी आहे. आता हा किल्ला म्हणून धरायला त्याची हरकत नव्हती.

वहिनींनी मात्र वेगळाच मुद्दा काढला. “पोरगी फितूर झाली ते कळलं. पण त्या सरदाराला शिक्षा काय झाली?”

गोष्टीत त्याची तरतूद नव्हती. काकांनीही त्याला दुजोरा दिला.

मुलीने पुढे एक अडचण सांगितली. काल्मिक या भागात आले ते फार नंतर. किल्ला ओसाड पडला तो बहुधा तेराव्या शतकात, चंगीझखानाच्या स्वारीत. म्हणजे गोष्टीतला शत्रू किल्ला पडल्यावर काही शतकांनी पोचतो. पण लोकांना तारखेशी काय करायचं आहे? बैलांची गोष्ट चांगली आहे.

इथे मला बिरुनीची आठवण आली. येणारच होती, कारण रस्त्यात बेरुनी नावाचं गावच लागतं. अल बिरुनी ९७३ मध्ये इथल्या काथ शहरी जन्मला, पुढे गझनीच्या महमुदाच्या पदरी पडला, संस्कृत शिकला आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने आपल्याबद्दल दोन तक्रारी केल्या आहेत. पहिली अशी की, या लोकांना वाटतं आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखे राजे नाहीत, आपल्यासारखं शास्त्र नाही; बाहेर पडून चार मुलूख पाहिले तर मत बदलेल. दुसरी अशी की, इतिहासाचा क्रम विचारला की यांना सांगता येत नाही आणि फार अडवलं की गोष्टी सांगायला लागतात. मी हे किल्लेदाराला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“बाहेर पडलो की नाही?” तो म्हणाला. “मुलूख पाहिला की नाही? मत बदललं का? नाही. म्हणजे चूक कुणाची?”

दुसऱ्या तक्रारीवर त्याने एक गोष्ट सांगितली. ती लांब आहे.

गंमत म्हणजे बिरुनीच्या स्वतःच्या गावाचंही पाण्याने जे केलं ते शत्रूला जमलं नसतं. काथच्या फीर नावाच्या किल्ल्याबद्दल त्यानेच लिहून ठेवलं आहे की, कित्येक मैलांवरून दिसणारा हा किल्ला नदीने दर वर्षी थोडा थोडा कुरतडला आणि ९९४ च्या सुमारास त्यातलं काहीही उरलं नाही. म्हणजे तोप्राक काला पाणी लांब गेल्यामुळे संपला आणि फीर पाणी जवळ आल्यामुळे. अमू दर्याशी कसं वागावं हे त्या मुलखातल्या माणसाला अडीच हजार वर्षांत नीट ठरवता आलेलं नाही.

नुकुसच्या वाटेवर एका टेकडीच्या डोक्यावर गोल, बिनछपराचं मातीचं कडं आहे: शिल्पिक. किल्लेदाराने नुसतं पाहूनच बुरूज म्हणून जाहीर केलं. मावशी मलबार हिलजवळ वाढलेली. ती म्हणाली, “बुरूज नाही रे, दखमा आहे.” आणि तसंच निघालं. इस्लाम येण्यापूर्वी ख्वारिझममध्ये जरथुस्त्राचा धर्म होता; मृतदेह इथे ठेवत आणि हाडं मागाहून गोळा करत. काराकाल्पाकस्तानच्या राजचिन्हातही ही टेकडी आहे. किल्लेदाराने चढायचं टाळलं.

शेवटचा मुक्काम मिझदाहकान, नुकुसपासून थोडं पुढे, खोजेलीजवळ. शेजारी ग्याउर काला नावाचा किल्ला, आणि टेकडीवर शतकानुशतकांची कबरस्तानं. त्यांत एक पडकी, विटांची, जुनी कबर आहे. लोक म्हणतात की, तिची एक वीट दर वर्षी पडते आणि शेवटची पडेल त्या दिवशी जग बुडेल. काकांनी उरलेल्या भिंतीकडे पाहून अंदाज घेतला. “तरतूद पुरेशी नाही,” ते म्हणाले.

पण लोकांनी त्यावर तोड काढली आहे. येणारा प्रत्येक जण आजूबाजूला पडलेल्या विटांच्या तुकड्यांचा सात थरांचा छोटा मनोरा रचतो. टेकडीभर असे मनोरेच मनोरे आहेत. जग थोडं पुढे ढकलल्याचं समाधान, शिवाय एखादी इच्छा.

किल्लेदाराच्या डोळ्यांत एकदम चमक आली. “श्रमदान!” तो म्हणाला. महिन्यातून एका रविवारी तो गडसंवर्धनाला जातो. तिथे दगड हातोहात वर पोचवायला माणसांची रांग लावतात. त्याने आम्हालाही रांगेत उभं केलं. मी, वहिनी, काका, आका. आकांना काही कळलं नाही, पण ‘जय भवानी’ म्हटलं की वीट पुढे द्यायची एवढं त्यांनी लगेच उचललं. मावशी टोकाला बसून रचत होती. सातचे चौदा झाले, चौदाचे एकवीस. मनोरा कमरेएवढा झाला. किल्लेदार उतारावरून एकेक चांगली, सबंध वीट काढून आणत होता. सबंध विटा एवढ्या सहज सापडतात म्हणजे देखरेख नाही, असंही बोलत होता. तेवढ्यात मुलगी धावत आली.

“सर, प्लीज,” ती धापा टाकत म्हणाली, “त्या विटा परत ठेवा. ती दुसऱ्या कुणाची तरी कबर आहे.”

रांग उलटी फिरली. आका आता प्रत्येक विटेला स्वतःहूनच ‘जय भवानी’ म्हणत होते.